फ्लोरेन्सच्या डोक्यावर, जुन्या व्हिलात चार रात्री: हौस की वेडेपणा?

रानजाई | १२ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

ऑक्टोबरच्या शेवटी इटलीला जातोय. मी, नवरा आणि सासूबाई (वय ७१, उजवा गुडघा सोडला तर आमच्यापेक्षा ठणठणीत). रोम आणि व्हेनिस ठरलंय. घोडं अडलंय मधल्या चार रात्रींवर, २५ ते २९. नवरा म्हणतो फ्लोरेन्सला स्टेशनाजवळ हॉटेल घेऊ, गाडीतून उतरलं की खोली आणि खोलीतून निघालं की दुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च. मी मात्र फ्लोरेन्सलगतच्या फिएझोलेच्या टेकडीवरच्या एका जुन्या व्हिला-हॉटेलच्या फोटोंवर जीव टाकून बसलेय. काहीशे वर्षांचं घर, उतारावर ऑलिव्हची झाडं, दारात लिंबांच्या मोठाल्या कुंड्या आणि खिडकीतून खाली अख्खं शहर. भाडं स्टेशनाजवळच्या हॉटेलच्या दीडपट.

तिथे राहून आलेला जो तो लिहितो, "फार शांत आहे." तर शांत म्हणजे नेमकं कसं? पाखरं ऐकू येतात असं, की सहानंतर चहा मिळत नाही असं?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. नवऱ्याला धाग्याची लिंक पाठवणार आहे, तेव्हा जरा माझ्या बाजूनं लिहा.

तिरसट | १२ ऑगस्ट

शांतताच हवी तर दुपारी एक ते चार आमच्या पेठेत या. व्हिसा लागत नाही.

केळफूल | १२ ऑगस्ट

रुमाल टाकून ठेवते. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

बोलोन्याकर | १२ ऑगस्ट

अकरा वर्षं इटलीत आहे, फिएझोलेला पाच-सहा वेळा तरी गेलोय. (तिरसट, एक ते चार कुलूप तिथेही असतं. फक्त पाटी लावून अपमान करत नाहीत.)

आधी भूगोल. फिएझोले म्हणजे काही डोंगरातलं दुर्गम गाव नव्हे. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर, फ्लोरेन्सच्या मानेवर बसल्यासारखं. शहरातून सात नंबरची बस थेट वरच्या चौकात सोडते, अर्ध्या तासाच्या आत. त्यामुळे "अडकून पडू" ही भीती काढून टाका. खरी मेख वेगळी आहे. हॉटेल बसच्या चौकापासून किती लांब आणि किती खाली-वर, ते बघा. नकाशावर चारशे मीटर दिसतात, प्रत्यक्षात ती दोन दगडी भिंतींमधली गल्ली असते, फरसबंदी, छातीवर येणारा चढ, फुटपाथ नाही आणि समोरून फियाट. सासूबाईंचा गुडघा तिथे बोलेल.

दुसरं, लिफ्ट. जुनी घरं बऱ्याचदा वारसा कायद्याखाली असतात, भिंत फोडून लिफ्ट बसवणं सोपं नसतं. "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका, आमच्या खोलीपर्यंत एकूण पायऱ्या किती, असं विचारा. तळमजल्याला पियानो तेर्रा म्हणतात. फोटोतली उंच छतं आणि चितारलेल्या भिंती बहुधा पहिल्या मजल्यावर असतात, पियानो नोबिले. मालक तिथे राहायचे, नोकर त्याच्या वर. स्वस्तातली खोली मिळाली तर ओळखा कोणाची ते.

तिसरं, थंडी. हे कोणी सांगत नाही. इटलीत हीटर कधी चालू करायचा हे कायदा ठरवतो. फ्लोरेन्सच्या पट्ट्यात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला बारा तास. तुम्ही २९ ऑक्टोबरला निघताय. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि भाजक्या विटांची जमीन. लोकरी मोजे घ्या.

एवढं सगळं सांगूनही माझं मत: वरच राहा.

रानजाई | १२ ऑगस्ट

बोलोन्याकर, दंडवत! पायऱ्यांचा प्रश्न आत्ताच मेल केला. लिंक पाठवताना तुमची फक्त शेवटची ओळ पाठवली तर चालेल का?

जिना_उतरता | १३ ऑगस्ट

मी विरोधी पक्षात. तीन वर्षांपूर्वी आम्ही लुक्काजवळ अशाच एका टेकडीवरच्या व्हिलात तीन रात्री काढल्या. नाव देत नाही, लोक चांगले होते.

रोज सकाळी आठला खाली उतरायचं, दिवसभर गावं बघायची, रात्री नवाला दमून वर. ऑलिव्हची झाडं मी फक्त अंधारात पाहिली. ज्या नजाऱ्याचे पैसे दिले त्याच्याकडे पाठ करून झोपायचो. आणि ज्या एका दिवशी ठरवून वर थांबलो, तो शनिवार. दुपारी तीनला बागेत पांढऱ्या खुर्च्या मांडायला लागले, पाचला नवरी आली, रात्री एकपर्यंत स्पीकर. असली घरं पोट भरतात ती लग्नांवर. तेव्हा तुमच्या तारखांत लग्न आहे का हे आधी विचारा. "शांत" लिहिणारे सगळे मंगळवारी राहिलेले असतात.

तिरसट | १३ ऑगस्ट

म्हणजे मंगल कार्यालयाच्या शेजारी राहायला दीडपट भाडं. छान.

रानजाई | १३ ऑगस्ट

अगंबाई! २६ ऑक्टोबर शनिवारच आहे. विचारते.

घाटमाथा | १३ ऑगस्ट

थोडं अवांतर, पण मुद्द्याला धरून. बाहेरच्या दृश्यासाठी टेकडीवर घर बांधायची ही चाल या फिएझोलेतूनच निघाली असं म्हणायला जागा आहे. फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या आधीच्या व्हिला, त्रेब्बिओ किंवा काफाज्जोलो, म्हणजे आपल्याकडच्या गढ्यांसारख्या: बुरूज, तटबंदी, भोवती शेती. मग त्याच घराण्यातल्या कोझिमोचा मुलगा जोव्हान्नी यानं १४५० च्या दशकात फिएझोलेच्या उतारावर घर बांधलं, जिथे शेती धड पिकत नाही. उतार कापून पायऱ्या-पायऱ्यांची बाग केली, का तर खालचं शहर दिसावं. पुढे त्याचा पुतण्या लोरेन्झो तिथे कवी-पंडितांना जमवायचा. २०१३ साली मेदिचींच्या बारा व्हिला आणि दोन बागा युनेस्कोच्या यादीत गेल्या, त्यात ही आहे. बाग आधी वेळ घेऊन पाहता येते.

जवळच सान मिकेले हा जुना मठ आहे, त्याच्या दर्शनी भागाचा आराखडा मायकेलअँजेलोचा असल्याचं मानतात. आता तिथे हॉटेल आहे. भाडं बघून मी ब्राउझर बंद केला.

माथेरानला वाढलेल्या माणसाला तीनशे मीटर म्हणजे टेकाड वाटतं (आमचं आठशे), पण वरून खाली बघताना उंची मोजायची नसते. दुओमोचा, ब्रुनेलेस्कीनं बांधलेला लाल घुमट टेबलावर ठेवल्यासारखा दिसतो.

गाडीवान | १३ ऑगस्ट

गाडी भाड्यानं घेऊ नका. घेतलीत तर शहरात नेऊ नका. मी नेली. जुन्या फ्लोरेन्समध्ये झेडटीएल म्हणून पट्टा आहे, परवान्याशिवाय आत शिरलं की कॅमेरा फोटो काढतो. मी रस्ता चुकून एकदा शिरलो, मग बाहेर पडायचा रस्ता शोधताना परत शिरलो. पाच महिन्यांनी नाशिकच्या घरी दोन पाकिटं आली, इटालियनमध्ये. गाडीवाल्या कंपनीनं "तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल" वेगळे पैसे कापले होते. बायकोनं दोन्ही पाकिटं फ्रिजला चिकटवून ठेवली आहेत.

केळफूल | १३ ऑगस्ट

गाडीवान, फ्रिजचा फोटो टाका :)

मूगभजी | १४ ऑगस्ट

आम्ही शुद्ध शाकाहारी. टेकडीवर एकच हॉटेल आणि त्यातही रोज पास्ताच असेल तर सासूबाईंचे हाल होतील. वर किराणा दुकान आहे का? आणि चीज चालतं का?

बोलोन्याकर | १४ ऑगस्ट

चौकात दुकानं आहेत, खाणावळी आहेत, काळजी नको. संध्याकाळी साडेसातच्या आत कोणी जेवायला घालत नाही हे मात्र लक्षात ठेवा. दुपारचं थोडं बांधून ठेवा.

चीजबद्दल खरं सांगतो, मग शिव्या द्या. पार्मिजानोमध्ये (आपण पार्मेसान म्हणतो ते चीज) वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजण, असतं, त्यांच्या नियमातच तसं आहे. पाळत असाल तर "सेन्झा फोर्माज्जो" म्हणायचं, म्हणजे चीज नको.

पण तोस्कानाचा, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांताचा, माणूस मुळात कडधान्य खाणारा. बाकीचे इटालियन त्यांना चिडवून "मांजाफाजोली" म्हणतात, म्हणजे शेंगदाणे... चुकलो, घेवडेखाऊ. पांढऱ्या घेवड्याची टोमॅटो आणि सेजच्या पानांतली उसळ मिळते. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, काळी कोबी आणि घेवडा, पुन्हा उकळलेलं. (मांसाचं पाणी घातलंय का तेवढं विचारा.) पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे शिळ्या पावाचं टोमॅटोतलं सरबरीत. पिसाकडे गेलात तर चेचीना खा, चण्याच्या पिठाचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं. त्यांचा पाव अळणी असतो, बेकरीवाला मीठ विसरला असं समजून परत करू नका. मी केला होता.

मूगभजी | १४ ऑगस्ट

रेनेटचं वाचून दोन तास काही सुचलं नाही. पंधरा वर्षं पिझ्झावर भुरभुरवतेय.

तिरसट | १४ ऑगस्ट

इनो घ्या.

पंचगंगा | १४ ऑगस्ट

ताई, फ्लोरेन्सला चाललाय आणि धाग्यात अजून आमच्या महाराजांचं नाव नाही? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना फ्लोरेन्सच्या एका हॉटेलात वारले, ३० नोव्हेंबर १८७०. जेमतेम वीस वर्षांचं पोर. तेव्हा तिथं दहन कोण करू देत नव्हतं. खास परवानगी काढून, रातोरात, अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. १८७४ साली तिथं छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्यानं नंतर आमचा नवा राजवाडा आखला तोच. कासिने नावाचं मोठं पार्क आहे, त्याच्या पार पश्चिम टोकाला. शेजारच्या पुलाचं नावसुद्धा "इंडियानो". फ्लोरेन्सच्या माणसाला इंडियानो म्हटलं की रस्ता सांगतो, महाराज म्हटलं की नाही.

आता गंमत. ती मुन्योने येते कुठून? तुमच्या फिएझोलेच्या मागच्या डोंगरातून. नकाशा उघडून बघा.

रानजाई | १४ ऑगस्ट

पंचगंगा, अंगावर काटा आला. सासूबाईंचं माहेर कोल्हापूर, शिवाजी पेठ! त्यांना वाचून दाखवलं. क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ते म्युझियम-बिझियम तुम्ही बघा. मला तिकडं न्या."

घाटमाथा | १४ ऑगस्ट

हा धागा वाचनखुणेत टाकला. फिएझोलेच्या बाजूलाच मोंते चेचेरी नावाची टेकडी आहे. दगडाच्या खाणी असलेली. फ्लोरेन्सच्या चर्चमधले करडे खांब ज्या पिएत्रा सेरेना दगडाचे, तो इथलाच. आणि लिओनार्दो दा विंचीनं आपलं उडतं यंत्र याच टेकडीवरून सोडायचं ठरवलं होतं, १५०६ च्या सुमारास. त्याच्या माणसानं उडी मारली आणि पाय मोडून घेतला अशी आख्यायिका आहे.

जिना_उतरता | १५ ऑगस्ट

पाय मोडून घ्यायला माझ्या लुक्काच्या जिन्यावर पाठवायला हवं होतं, यंत्र वाचलं असतं.

रानजाई | २० ऑगस्ट

हॉटेलचं उत्तर आलं. रस्त्यापासून खोलीपर्यंत सात पायऱ्या, तळमजला मिळेल. शनिवारी लग्न आहे (!!) पण संगीत साडेअकराला बंद होईल, आणि आम्हाला बागेच्या उलट्या बाजूची खोली देतील. बुक केलं. नवरा म्हणाला, "लग्नाला आहेर काय न्यायचा?"

रानजाई | ७ नोव्हेंबर

मंडळी, परत आले. दिवाळी, पाहुणे आणि जेटलॅग यातून आज वेळ मिळाला. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिला दिवस माझा पराभवाचा. पाऊस. टॅक्सीतून उतरलो तेव्हा खाली शहर नव्हतंच, पांढरा कापूस होता. खोलीत शिरलो तर जमीन अशी गार की सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. रेडिएटरला हात लावला, दगड. रिसेप्शनच्या मुलीनं अगदी नम्रपणे सांगितलं, "सिन्योरा, प्रिमो नोव्हेंब्रे." म्हणजे बाई, एक नोव्हेंबरला. बोलोन्याकर, तुमची आठवण झाली. तिनं तीन जाड घोंगड्या आणून दिल्या. नवरा काही बोलला नाही, फक्त फोनवर स्टेशनाजवळच्या त्या हॉटेलचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

मग दोरीचं प्रकरण. न्हाणीघरात शॉवरच्या वर एक पांढरी दोरी लोंबत होती. सासूबाईंना वाटलं एक्झॉस्ट फॅनची. ओढली. फॅन लागेना म्हणून परत ओढली. मिनिटभरात रिसेप्शनची मुलगी, स्वयंपाकघरातला एप्रनवाला आणि एक माळी, तिघं दारात. ती मदत मागायची दोरी असते म्हणे, इथल्या हॉटेलांत सगळीकडे. सासूबाई आतून ओरडून सांगतायत, "मी बरी आहे," मराठीत. त्या दिवसापासून माळी रोज सकाळी त्यांना बघून दोरी ओढल्याची खूण करायचा आणि दोघंही हसायचे. चार दिवसांत त्या दोघांत एवढीच भाषा झाली.

शनिवारी लग्न झालं. साडेअकरा म्हणजे साडेअकरा, बंद. त्यात त्या रात्री घड्याळं तासभर मागे जाणार होती आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही. नवऱ्याचं मनगटी घड्याळ, ते कोण मागे करणार? रविवारी तयार होऊन आठला न्याहारीला गेलो तर खरे सात, दालन बंद, दिवे बंद. मग काय, गच्चीवर जाऊन उभे राहिलो. आणि तेव्हा दिसलं. दरीत धुकं, त्यातून घुमट तेवढा वर आलेला, बाकी काही नाही. त्याच्या विटा लाल नव्हत्या, ऊन पडायच्या आधीचा काहीतरी मातकट रंग होता, आणि आम्ही बघता बघता तो एका बाजूनं भरत गेला. नवऱ्यानं फोन काढला नाही. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं.

ऑलिव्हची तोडणी नुकतीच सुरू झाली होती. झाडाखाली हिरवी जाळी अंथरतात, उतार असल्यामुळे खालची कड दगडं लावून उचलून ठेवतात, नाहीतर फळं गडगडत फ्लोरेन्सला जातील. दोघं माणसं छोट्या दाताळ्यांनी फांद्या विंचरत होती, अगदी केस विंचरल्यासारख्या. सासूबाईंनी एक फळ उचलून चावलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ओलं ऑलिव्ह कडूजहर असतं, आपला कच्चा आवळा परवडला.

आता मूळ प्रश्न, शांत म्हणजे कसं. मी कानोसा घेऊन बसले होते, तेव्हा अधिकारवाणीनं सांगते. चर्चची घंटा, त्याआधी अर्धा मिनिट खालच्या कुठल्यातरी दुसऱ्या चर्चची घंटा. पलीकडच्या उतारावर कुत्रा. चढाला रडणारी एक स्कूटर, ती कोणत्या वळणावर आहे ते ऐकून सांगता यायचं. माळ्याची एकचाकी गाडी खडीवरून. बस्स. आणि हो, चहा सहानंतरही मिळतो, पण दूध गार आणि पाणी कोमट. इलेक्ट्रिक किटली न्या.

जिना_उतरता, तुमचं ऐकून आम्ही एक दिवस आड खाली उतरलो. रोमन थिएटरला दोन तास बसलो, बघण्यासारखं वीस मिनिटांत संपतं, तरीही बसलो. सान फ्रान्चेस्को मठाचा चढ सासूबाईंनी बघूनच सोडून दिला, त्या चौकात बाकावर बसून बायकांच्या पिशव्यांत काय काय आहे ते बघत होत्या. उफिझी, म्हणजे फ्लोरेन्सचं चित्रांचं मोठं म्युझियम, बघायची राहिली. नवऱ्याला वाईट वाटलं, मला नाही.

पंचगंगा, आता तुमच्यासाठी. सोमवारी सकाळी सात नंबरनं खाली, मग टॅक्सी. चालकाला "इंडियानो" म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. पार्कच्या टोकाशी सोडलं, थोडं चालत. आजूबाजूला सायकलवाले आणि कुत्री फिरवणारे. छत्री दिसली आणि सासूबाई थांबल्या. चपला, म्हणजे बूट, काढले. पानगळीचा ओला चिखल, मी म्हटलं, "आई, मोजे भिजतील." त्या म्हणाल्या, "भिजू देत." त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. अंबाबाईचं कुंकू, निघताना घेऊन आल्या होत्या, आम्हाला न सांगता. पुतळ्याला हात पोचत नाही, मध्ये कठडा आहे. मग त्यांनी कठड्याच्या खालच्या दगडावर बोट टेकवलं, एवढंसं. एक म्हातारा सायकल धरून उभा होता, तो आम्ही जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

संगम म्हणजे काही भव्य नाही हो. मुन्योने तिथे गढूळ ओढ्यासारखी येते आणि अर्नोत मिसळते. सासूबाईंनी विचारलं, "ही तीच ना, आपल्या डोंगरामागची?" हो म्हटलं. संध्याकाळी वर आल्यावर त्या मागच्या बाजूला जाऊन दरीत काही दिसतं का ते बघत राहिल्या. झाडी आहे, पाणी दिसत नाही. पाच-सव्वापाचलाच अंधारायला लागलं, तरी आत येईनात.

खर्चाचं: भाडं दीडपट होतंच, शिवाय माणशी दररोजचा पर्यटन कर वेगळा, निघताना भरायचा. दोनदा जेवण हॉटेलात घेतलं, ते महाग पडलं. चौकात रिबोल्लिता खाल्ली, सासूबाईंचा अभिप्राय: "फोडणीची पोळी करायची सोडून हे काय भिजवलं?" पण ताट चाटून पुसून.

पंचगंगा | ७ नोव्हेंबर

ताई, काय बोलू. आईंना आमचा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी कोल्हापूरला आल्या की जेवायला आमच्याकडं.

जिना_उतरता | ७ नोव्हेंबर

हरलो. पण उफिझी बुडवली हे काही पटलं नाही.

बोलोन्याकर | ७ नोव्हेंबर

दोन आठवडे उशिरा गेला असतात तर नवं तेल मिळालं असतं. भाजलेल्या पावावर लसूण घासायची आणि वर हिरवं, घशाला झोंबणारं तेल. त्याला फेत्तुंता म्हणतात. शिवाय हीटरही चालू असता. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

तिरसट | ८ नोव्हेंबर

दोरी ओढल्यावर तीन माणसं आली? आमच्याकडे बेल वाजवली तर एकही येत नाही. हॉटेलचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

केळफूल | ८ नोव्हेंबर

मलाही व्यनि.

मूगभजी | ८ नोव्हेंबर

+१. आणि पार्मिजानोला पर्याय सुचवा कोणीतरी.

रानजाई_चे_अहो | ८ नोव्हेंबर

आजच सभासद झालो. धागा पहिल्यापासून वाचला. "फक्त शेवटची ओळ पाठवली तर चालेल का" हे आत्ता कळलं.